मला न उमजलेली तबकडी

दिवाळीच्या चार दिवसांत जुनी भांडणे उकरून काढू नयेत, असे आमची आई म्हणते. एरवी मी तिचा शब्द मोडत नाही. पण हे भांडण भाऊबिजेच्याच दिवशी, आमच्याच दिवाणखान्यात, फराळाच्या ताटांच्या साक्षीने झाले. आणि तेही जमिनीच्या तुकड्यावरून किंवा आजीच्या पाटल्यांवरून नव्हे, तर एका तबकडीवरून. तेव्हा दिवाळी अंकात ते सांगितले तर आई फार रागावणार नाही, अशी मी माझी समजूत घातली आहे.

तबकडीचे नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. गाणारे कुमार गंधर्व. या नावाचा कार्यक्रम कुमारजींनी १९६५ साली केला, तेव्हा नारायणराव राजहंस हयात होते; १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. ज्याच्या गाण्यावर महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी जीव ओवाळून टाकला, त्याचीच पदे त्याच्या हयातीत दुसऱ्या एका गवयाने आपल्या गळ्यातून, आपल्या रीतीने मांडायची, हे धाडसच होते. पुढे त्या पदांची लाँगप्ले तबकडी निघाली आणि मराठी घरांतून ती देवघरातल्या पोथीसारखी जपली गेली.

माझ्या घरात ती आली २००४ साली. मला कॉलेजात अधिव्याख्यात्याची जागा मिळाली म्हणून मिरजेच्या माझ्या थोरल्या मामांनी ती मला बक्षीस दिली. दुकानातून आणलेली नव्हे, त्यांची स्वतःची. मामा बँकेत नोकरीला होते आणि आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी मनापासून केल्या: बँकेचा हिशेब जुळवला आणि कुमारजी ऐकले. त्यांच्या मैफलींसाठी मामांनी किती रजा खर्ची घातल्या त्याची मोजदाद मामींपाशी आहे. असा माणूस आपल्या कपाटातली ती तबकडी काढून भाच्याच्या हातात ठेवतो, तेव्हा ते बक्षीस कशाचे असते हे मला वेगळे सांगायला नको. तेव्हापासून दर भाऊबिजेला मामा आईकडे, म्हणजे आमच्याकडे पुण्याला येत. ओवाळून झाले, फराळ झाला, की खुर्ची पुढे ओढून म्हणत, "हं, लाव." मी तबकडी लावी. मामा डोळे मिटत. मी शेजारी बसून मान डोलवीत असे.

खरी गोष्ट अशी, की ती तबकडी मला कधी फारशी आवडली नाही.

याला कारण पुन्हा मिरजच. लहानपणी मे महिन्याची सुट्टी आम्ही आजोळी काढत असू. आजोबांकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची एक पेटी. दुपारी पडवीत वाळ्याचा पडदा सोडलेला असायचा. आजोबा चावी देत, सुई बदलत, आणि खरखरीतून तो आवाज वर येई. तीन-साडेतीन मिनिटांत एक बाजू संपे. पदाचा अर्थ मला कळत नव्हता, राग कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण एक बाई आपल्याशी काही बोलते आहे आणि बोलता बोलता तिचा स्वर ओला होतो आहे, एवढे कळत होते. ती बाई म्हणजे एक पुरुष आहे, हे आजोबांनी सांगितले तेव्हा मी दोन दिवस त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

तर, २०२४ साली कुमारजींच्या जन्माला शंभर वर्षे झाली. (जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा.) गावोगावी मैफली झाल्या, व्याख्याने झाली. एका संगीत मंडळाने स्मरणिका काढायचे ठरवले आणि "कुमारजींच्या एका ध्वनिमुद्रिकेविषयी लिहा, कोणतीही निवडा," असे मला सांगितले. मराठीच्या प्राध्यापकाला गाण्यावर लिहायला बोलावतात, ते बहुधा शुद्धलेखनाच्या चुका कमी होतील या आशेने. मी तीच तबकडी निवडली. का निवडली, हे मलाही नीट सांगता यायचे नाही. वीस वर्षे मान डोलवून मान अवघडली असावी.

लिहिले ते थोडक्यात असे. कुमारजींच्या निर्गुणी भजनांपुढे मी नतमस्तक आहे, माळव्याच्या लोकगीतांतून त्यांनी जे उचलले त्याला तोड नाही. पण या तबकडीत 'स्वयंवर' नाटकातले रुक्मिणीचे पद लागले, की मी आत जात नाही, दारातच उभा राहतो. 'स्वयंवर' १९१६ चे. पदांना चाली भास्करबुवा बखल्यांच्या. नारायणराव ते पद म्हणत तेव्हा एका शब्दाचा हात दुसऱ्या शब्दाने कधी सोडला नाही. मींड अशी, की कोणता स्वर कुठे संपला हे सांगता येऊ नये. लाडिकपणा, लाज, थोडा राजकन्येचा ताठा, सारे एका धाग्यात. कुमारजींचा पिंड याच्या उलट. छोटा, धारदार तुकडा; मध्येच स्तब्धता; आणि मग एकदम तार सप्तकात वीज चमकावी तशी एक हाक. निर्गुणी भजनात ही वीज मला दिपवून टाकते. रुक्मिणीच्या तोंडी ती मला बिलगत नाही. कुमारजी मला रुक्मिणी दाखवत नाहीत. नारायणरावांनी रुक्मिणी कशी उभी केली, ते उलगडून दाखवतात. तो उलगडा असामान्य बुद्धीचा आहे, आणि मला त्या वेळी बुद्धी नको असते, रुक्मिणी हवी असते. शेवटी लिहिले, की माझ्याकडच्या कुमारजींच्या तबकड्यांपैकी ही मी सर्वांत कमी वाजवतो.

मंडळाच्या कार्यवाहांचा तिसऱ्या दिवशी फोन आला.

"सर, लेख छान आहे हो. पण शताब्दी आहे. शताब्दीला असं लिहितात का?"

मी विचारले, शताब्दीला कसे लिहितात? ते म्हणाले, "म्हणजे, ही स्मरणिका आहे. मूल्यमापन नव्हे." शेवटचे वाक्य तेवढे गाळा, अशी त्यांची विनंती होती. मी नाही म्हटले. अखेर लेख छापला, पण त्याच्या खाली चौकट घालून: 'लेखातील मतांशी मंडळ सहमत असेलच असे नाही.' अंकात सत्तावीस लेख होते. चौकट एकट्या माझ्या लेखाला होती. उरलेल्या सव्वीस मतांशी मंडळ सहमत होते म्हणायचे.

मग पत्रे आली. दोन सभ्य, एक असभ्य, आणि एक असे की त्याचे उत्तर मी चार वेळा लिहून फाडले. पत्रलेखकाने विचारले होते, "आपल्याला गाता येते का? ज्या माणसाने क्षयाशी झुंज देऊन एका फुप्फुसावर गाणे उभे केले, त्याच्याविषयी असे लिहिताना लेखणी अडखळली कशी नाही?"

यातला पहिला प्रश्न जुना आहे. आमटी खारट झाली हे सांगायला स्वयंपाकी असावे लागत नाही. मात्र ती कशाने खारट झाली हे सांगायचे तर थोडेफार चुलीजवळ बसलेले असावे, हे मला मान्य आहे. तेवढे मी बसलो आहे. दुसरा प्रश्न अवघड आहे. कुमारजी १९४८ च्या सुमारास मुंबई सोडून देवासला गेले, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून राहिले, गाणे बंद होते, आणि त्या सक्तीच्या मौनात कानावर पडणाऱ्या माळवी गाण्यांतून त्यांचे नवे गाणे घडले. ही कहाणी कोणाही माणसाला हलवून सोडील. मलाही हलवते. पण त्या कहाणीचा आधार घेऊन त्यांच्या तबकडीला माफी द्यायची, हा मला त्यांचा अपमान वाटतो. दयेचे गुण मागायला त्यांचे गाणे काही परीक्षेत काठावर बसलेले नाही. त्यांच्या विलंबित ख्यालावर जाणकारांनी वाद घातले, परंपरेच्या बाजूने लोक बोलले, आणि ते त्या सगळ्यांसमोर गातच राहिले.

आपल्याकडे गाण्यावर खरे लिहिणारे झालेच नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. केशवराव भोळे स्वतः गाणारे, प्रभातच्या 'अमृतमंथन', 'संत तुकाराम'सारख्या चित्रपटांना संगीत देणारे. त्यांनी 'शुद्ध सारंग' आणि 'एकलव्य' या टोपणनावांनी आपल्या काळातल्या नामवंत गवयांवर लिहिले. ज्यांच्याशी उद्या मैफलीत गाठ पडायची त्यांच्याविषयी लिहायचे, तर टोपणनावाची ओसरी बरी असते, असे मला उगाच वाटते. वामनराव देशपांड्यांनी तर ती ओसरीही घेतली नाही. धंद्याने हिशेबतपासनीस, निरनिराळ्या घराण्यांची तालीम घेत अखेर मोगूबाई कुर्डीकरांकडे पोचलेले. त्यांच्या 'घरंदाज गायकी'त (१९६१) त्यांनी सगळी घराणी स्वर आणि लय यांच्या काट्यावर मांडली. किराणा एका टोकाला, आग्रा दुसऱ्या टोकाला, आणि समतोल कुठे? तर जयपूर घराण्यात. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घराण्यात! पुस्तक वाचताना हसू येते, पण राग येत नाही. कारण माणूस कुठे उभा राहून बोलतो आहे हे आपल्याला दिसते, आणि तराजूही त्याने आपल्यासमोर टेबलावर ठेवलेला असतो. पटत नसेल तर आपण वजने बदलून पाहावीत. आणि गंमत अशी, की याच वामनरावांचे चिरंजीव सत्यशील देशपांडे शिकायला गेले ते कुमार गंधर्वांकडे. त्या घरातल्या जेवणाच्या वेळच्या गप्पा ऐकायला मिळाल्या असत्या तर मी चार स्मरणिकांचे लेखन फुकट केले असते.

वर्गात हाच पेच मला दरवर्षी पडतो. पाठ्यपुस्तकातल्या कवितेवर मुले लिहितात, 'थोर कवींनी या कवितेत उदात्त भावना अत्यंत हृदयस्पर्शी शब्दांत व्यक्त केली आहे.' हे वाक्य कोणत्याही कवितेला चालते. विमा कंपनीच्या जाहिरातीलाही चालेल. काही वर्षांमागे दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने उठून विचारले, "सर, कविता आवडली नाही असं लिहिलं तर मार्क कापतात का?" वर्ग हसला. मी म्हटले, "लिही. पण कुठल्या ओळीपाशी तुझं मन उठलं, ती ओळ दाखव. आणि ती कविता तीनदा वाचल्याशिवाय लिहू नकोस." तिने लिहिले. तिचे मत मला पटले नाही, पण त्या वर्षीच्या साऱ्या उत्तरांत मला आठवते ते तेवढेच.

मी स्मरणिकेत लिहिले ते याच नियमाने. ओळ दाखवली होती. तीनदा काय, वीस वर्षे ऐकून लिहिले होते. आणि तबकडीच्या नावातच मला माझा वकील भेटला होता. कुमारजींनी 'खरे बालगंधर्व' म्हटले नाही, 'बालगंधर्वांचे अमर संगीत' म्हटले नाही. म्हटले, 'मला उमजलेले'. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या मोठ्या माणसापुढे उभे राहून आपला 'मला' खाली ठेवला नाही. मग त्यांच्या तबकडीपुढे बसलेल्या श्रोत्यानेच आपला 'मला' दाराबाहेर चपलांशेजारी काढून का ठेवावा? हा मुद्दा मला इतका बिनतोड वाटला, की मी तो रात्री जेवताना घरात ऐकवला.

बायको आमटी वाढता वाढता म्हणाली, "हे सगळं ठीक आहे. पण मामांना आधी सांगितलं होतंस का?"

मी म्हटले, स्मरणिका त्यांच्याकडे जाईलच.

"म्हणजे नाही."

स्मरणिका गेली. मामांचा फोन येईना. एरवी दर रविवारी सकाळी फोन यायचा. आईने लावला तर तिच्याशी बोलत, मामींच्या गुडघ्याचे सांगत, मला बोलवत नसत. मे गेला, गणपती गेले. मी दोन पत्रे लिहायला घेतली आणि प्रत्येकात चौथ्या ओळीवर वामनराव देशपांडे यायला लागले, तेव्हा ठेवून दिली. आपल्या मताचा बचाव करणे सोपे होते; पण मामांनी माझ्या मताविरुद्ध काही म्हटलेच नव्हते.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. मामा येतील की नाही, हे आई बोलून दाखवत नव्हती, पण चिरोटे तिने दोनदा मोजले. साडेदहाला रिक्षा थांबली. मामा आले, पाटावर बसले, आईने ओवाळले, त्यांनी ताटात पाकीट घातले. फराळ झाला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हं, लाव."

मी तबकडी काढली. हात थोडे कापत होते, सुई जरा पुढे पडली. पहिले पद संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मी मान स्थिर ठेवून बसलो होतो. एका जागी ताठ बसणे किती अवघड असते हे मला त्या दिवशी कळले.

"तुला आवडत नाही हे मला छापलेलं वाचून कळलं," मामा म्हणाले. "बँकेच्या वाचनालयातले मित्र मला विचारतात, भाच्याचं वाचलंत का? मी म्हणतो, हो, वाचलं. अरे, वीस वर्षं माझ्या शेजारी बसून मान डोलवलीस! वीस भाऊबिजा! आणि हे सगळं त्या वेळी तुझ्या मनात होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आवडीनिवडीच्या स्वातंत्र्यावरची माझी सारी तयारी व्यर्थ गेली. त्यांनी ते स्वातंत्र्य नाकारलेच नव्हते. त्यांचे दुःख एवढेच होते, की ते मी सत्तावीस लेखांच्या गर्दीत वापरले आणि त्यांच्यासमोर वापरले नाही.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…" मी म्हटले.

"मग आता काय वाटलं?"

थोड्या वेळाने ते सावरून बसले आणि वादाला आले, तेव्हा मला हायसे वाटले. म्हणाले, "तुझं म्हणणं मी चारदा वाचलंय. तू कुठले बालगंधर्व ऐकलेस? बाबांच्या ग्रामोफोनवरचे. साडेतीन मिनिटांत कोंबलेले. नाटकात तेच पद वन्समोअरवर वन्समोअर घेत किती चालायचं माहीत आहे? मागे कादरबक्षांची सारंगी, तिरखवाँचा तबला. त्यांना काय काय सुचत असेल, ते तुझ्या तबकडीत मावलं का? जे मावलं नाही ते कुमारांनी शोधलं. आणि कुमार कोण? लहानपणी तबकड्या ऐकून थोरामोठ्यांचं गाणं जसंच्या तसं म्हणणारा पोरगा. त्यांना नक्कल करायची असती तर त्यांच्याइतकी कोणाला जमली असती?"

हा मुद्दा मला सुचला नव्हता हे मी कबूल केले. मामांनी 'एकच प्याला'तले सिंधूचे पद पुन्हा लावायला सांगितले. एक जागा त्यांनी बोट वर करून दाखवली. कुमारजी तिथे ओळ अर्धी टाकतात आणि क्षणभर काहीच गात नाहीत. वीस वर्षांत ही जागा माझ्या कानावरून वीस वेळा तरी गेली असेल. मान डोलवण्याच्या उद्योगात ती ऐकायची राहिली होती. सिंधू नवऱ्याबद्दल बोलता बोलता थांबते, तशी ती जागा थांबते. मी सुई उचलून ती जागा पुन्हा ऐकली. सिंधूच्या पदापुरता मी लेखातला शब्द मागे घेतो, असे मी म्हटले. रुक्मिणीच्या पदाबद्दल नाही.

"नकोच घेऊ," मामा म्हणाले. मग चकलीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता बोलले, "मी दहा-अकरा वर्षांचा असताना बाबा मला बालगंधर्वांच्या भजनाला घेऊन गेले होते. त्यांचे पाय गेलेले होते, उचलून आणून बसवलं होतं. आवाजात काही राहिलं नव्हतं. माणसं रडत होती. बाबा रडत होते. मला कधी एकदा घरी जातो असं झालं होतं. पण बाबा रडताहेत म्हणून मी मान हलवत बसलो. त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही."

आई दारात ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "दादा, बाबांना ठाऊक होतं. घरी आल्यावर आईला सांगत होते, पोराला काही आवडलं नाही. सारखा सम सोडून भलतीकडेच मान हलवत होता."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मात्र बरोबर समेवर डोलवायचास रे. म्हणून तर मी फसलो."